माघातली निंबोळी

एका गुढीपाडव्याला मी आमच्या अख्ख्या गल्लीला चुकीच्या झाडाचा पाला खाऊ घातला. सात पोरं ओकली, दोन म्हातारे ओकले, एका पाच वर्षांच्या मुलीला दोन दिवस सलाईन लावावी लागली. आळ आला सुलेमानचाचांवर. त्या झाडाचं खरं नाव माहीत असलेला गल्लीतला तो एकच माणूस. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. बी.एस्सी. होते, विषय वनस्पतिशास्त्र, पहिला वर्ग, आणि हे मी भाजीवालीलाही सांगत असे. आता सदुसष्टची आहे. टक्के किती होते ते आठवत नाही. चाचा आठवतात.

मी अकोल्याची, लग्न होऊन अमरावतीत आले. गल्लीच्या तोंडाशी चाचांची टिनाची शेड होती. आत त्यांचा खराद, म्हणजे लाकूड गरगर फिरवून गोल घडवायचं यंत्र. त्यावर ते लाटणी, रव्या, भोवरे, खाटेचे पाये, पाळण्याचे दांडे करत. माणूस उंच, वाकलेला, भुवयांवर कायम भुसा. डाव्या कानावर एक बिडी असायची, ती कधी पेटलेली मी पाहिली नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "सोडून बारा वर्सं झाले, बहू. पन कानाले सांगितलं नाई अजून."

पहिल्याच आठवड्यात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, मला मिरवत शेडमध्ये घेऊन गेल्या. "सुलेमानभाऊ, हे आमची सून. झाडाचं शिकून आली हाय."

चाचांनी खराद थांबवला. "झाडाचं? वा! मंग आमचीबी परीक्षा होऊन जाऊ द्या." त्यांनी चार लाटणी माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या तोंडी ती बेलणी. "सांगा बहू, कोनतं बेलणं कोन्या झाडाचं?"

मी चारही लाटणी उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. शेवटी म्हणाले, "पण याला पानं नाहीत."

"पानं असती त बकरीबी वळखते," चाचा म्हणाले.

आत्याबाई पदराआड हसल्या. मी हसले नाही. पहिला वर्ग बकरीशेजारी बांधला गेला होता. त्या दिवसापासून मी मनात चाचांशी वैर धरलं. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता, हे त्या वैरातलं सगळ्यात चिडवणारं कलम.

पुढे त्यांनीच शिकवलं. शिकवलं म्हणजे मी मागे न लागता, तेही शिकवतोय असं न दाखवता. लाटण्याला नाक लावायचे आणि मलाही लावायला सांगायचे. शिसवीचा ताजा भुसा गोडसर, बाभळीचा घशाला तुरट. लाकूड बोटाच्या पेरानं ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. वखारीतलं लाकूड घेताना पहिला प्रश्न कोणत्या महिन्यात तोडलं हा. फाल्गुनातलं असेल तर हात लावायचे नाहीत. "तवा झाड पानी वर ओढून राह्यलं असते. असं लाकूड मंग घुनाच्या किड्याले गोड लागते." माणसाचं लग्न ठरवताना पत्रिका बघतात, तसे ते लाकडाचा महिना बघत. झाडाच्या बाबतीत त्यांचं एकच सूत्र: "नाव मंग इचारा. पयले थे कोन्या महिन्यात काय करते थे पाहा."

माघ संपत आला की चाचांची हजेरी सुरू व्हायची. पहाटेची नमाज झाली की हात मागे बांधून गल्लीपासून शाळेपर्यंत आणि परत एक फेरी. फाटकाशी सडा घालणाऱ्या बायकांना बातम्या देत जायचे. "शिरस हाजर, शेंगा वाजून राह्यल्या." "करंज कपडे बदलून राह्यला." "काकू, शाळंपुढचा पाखड फुटला!" कोणाच्या घरी मुलगा झाल्यासारखं सांगायचे, आणि बाया खरंच बादली ठेवून बघायला जायच्या. शेवंताबाई शेजारीण तर नातीला कडेवर घेऊन जायची. त्या नातीचं नाव बेबी. पाखड म्हणजे पिंपळाच्या जातीचं झाड, त्याची कोवळी तांबूस पानं दाखवत चाचा तिला म्हणायचे, "पाय, झाडानं तांबं काढलं बाहेर, घासून पुसून."

शाळेमागे दुसरा पाखड होता. पुढचा फुटला तरी तो महिनाभर उघडाच. एका वर्षी हेडमास्तरांनी तो वाळला असं ठरवून तोडायला माणसं बोलावली. चाचा त्या झाडाखाली डबा घेऊन जाऊन बसले. भांडले नाहीत, हात जोडले नाहीत, नुसते जेवत बसले. हेडमास्तर म्हणाले, "सुलेमानभाई, झाड मेलं आहे." चाचा म्हणाले, "मास्तर, तुमच्या वर्गात लेट येनारं पोट्टं असते, त्याले काय मेला म्हून नाव काढता?" तोडणाऱ्यांनाही दुपारचं ऊन नको होतं, ते गेले. दहा-बारा दिवसांत पाखड लालेलाल झाला. चाचांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेडमास्तरांना हाताला धरून नेलं असतं.

आत्याबाईंचं आणि त्यांचं भांडण मात्र छान जमायचं. आत्याबाईंची तक्रार, नवा पोळपाट डुगडुगतो. चाचा घरी आले, ओट्यासमोर उकिडवे बसले, पोळपाट उचलून दुसरीकडे ठेवला. डुगडुगला नाही. परत पहिल्या जागी ठेवला. डुगडुगला.

"काकू, पोळपाट सरळ हाय. तुमची फरशी वाकडी हाय."

"माह्या सासऱ्यानं बसवेल फरशी हाय थे!"

"मंग पोळपाटच वाकडा करून देतो," म्हणाले, आणि खरंच एका पायाखालून पातळ चकती लावून दिली. खरं काय ते सांगायचं, आणि मग समोरच्याचा मान ठेवायचा. या क्रमात त्यांनी कधी अदलाबदल केली नाही. मी आयुष्यभर फक्त दुसरा भाग केला, तोही स्वतःचा मान.

आता पाट्यांबद्दल. लग्नाच्या दुसऱ्या माघात माझ्या डोक्यात आलं, की गल्लीतल्या आणि शाळेपर्यंतच्या झाडांना नावाच्या पाट्या लावाव्यात. तेलाच्या डब्याचे पत्रे कापून आणले, पांढरा रंग दिला, वर मराठी नाव, खाली लॅटिन. लॅटिन कोण वाचणार होतं? मी. एकोणीस पाट्या झाल्या. मी खिळे घेऊन निघाले तर चाचांनी हातोडी मागितली, खिशात टाकली, आणि प्रत्येक पाटी सुतळीनं सैल बांधून दिली. "झाड जाड व्हते, बहू. त्याच्या पोटाले जागा ठेवा." गल्लीनं माझं फार कौतुक केलं. आत्याबाईंनी घरोघरी साखर वाटली. मी पदर सावरत रोज दोनदा गल्लीतून उगीच जायला लागले.

एकोणिसापैकी एक पाटी चुकली होती. नळाजवळचं झाड त्या दिवसांत पूर्ण निष्पर्ण होतं. फांद्यांवर पिवळ्या फळांचे घोस तेवढे लोंबत होते. पिवळी, गोल, निंबोळीएवढी. मी लांबूनच बघितलं आणि लिहून टाकलं: कडुलिंब.

दुपारी गल्ली सुनसान असताना चाचा फाटकाशी आले. चारचौघांत बोलायचं टाळून आले होते, हे मला फार नंतर कळलं.

"बहू, नळाजवळचा निंब नोय. बकान हाय थे. बकाननिंब."

"चाचा, निंबोळ्या दिसत नाहीत का तुम्हाला?"

"दिसतात ना. पन निंबोळी आखाडात पिकते. माघात कुठून आली?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मी जोरात उत्तर दिलं. "पुस्तकात आहे माझ्याकडे. लाकडाची गोष्ट वेगळी आणि शास्त्राची वेगळी."

ते जायला वळले. मग म्हणाले, "बकानाचा पाला पोटाले वाईट असते. घाई नाई. पन पाडव्याच्या आत पाटी बदला."

मी बदलली नाही. आणि इथे माझी लाज नुसती अज्ञानाची नाही. फाल्गुनात त्या झाडाला पालवी फुटली. कडुलिंबाचं पान एकदाच विभागतं. बकाणाचं पान विभागलेलं पुन्हा विभागतं. दुसऱ्या वर्षाच्या वहीत हे माझ्याच अक्षरात होतं, खाली लाल रेघ मारून. पाणी भरताना मी ते पान बघितलं. बघितलं आणि स्वतःला म्हणाले, कोवळं आहे अजून, कोवळी पानं अशीच दिसतात. पाटी काढायची म्हणजे सुतळी सोडायची, सुतळी सोडताना कोणीतरी बघणार, विचारणार, आणि मग मला म्हणावं लागणार, चाचा बरोबर होते. त्यापेक्षा झाड चुकीचं असलेलं बरं, असं मी ठरवलं.

आमच्या गल्लीत पाडव्याचा कडुलिंब चाचा आणत. कधीपासून आणि का, ते कोणी विचारलं नव्हतं. पहाटे सायकलनं वलगाव रोडला जायचे. तिथे एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जुना निंब होता, त्याचा मोहोर आलेला पाला तोडायचे आणि उजाडता उजाडता प्रत्येक फाटकाला एक जुडी अडकवून जायचे. एक डहाळी गुढीला, बाकीचा पाला गूळ आणि चण्याच्या डाळीबरोबर वाटून खायला. बायका उठून जुडी काढून घ्यायच्या. चाचांच्या शेडवर दुपारी पुरणपोळ्या जायच्या.

त्या पाडव्याला मी चार वाजता उठले. गल्लीत नावाची पाटी लावलेला कडुलिंब असताना वलगावपर्यंत कशाला जायचं? असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण, मला चाचांना हरवायचं होतं. अंधारात खालच्या फांद्यांचा कोवळा पाला ओरबाडला, जुड्या बांधल्या, अठरा फाटकांना अडकवल्या आणि आंघोळ करून साळसूदपणे रांगोळी काढायला बसले. कोणी बघितलं नाही. बघावं अशी इच्छा होती, दुपारी जेवताना सहज सांगणार होते.

चाचांची सायकल त्या दिवशी वाटेत पंक्चर झाली. ते गल्लीत आले तेव्हा साडेआठ वाजले होते. गुढ्या उभ्या होत्या, पाटेवरवंटे धुऊन झाले होते. कॅरियरवर निंबाचा भारा. त्यांनी पहिल्या फाटकावरची जुडी बघितली, सायकल तिथेच पडू दिली आणि ओरडत सुटले. त्या माणसाला मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "खाऊ नका! बकान हाय! पोट्ट्याइले देऊ नका!" दारोदार पळत होते. भाऱ्यातला पाला रस्त्यावर सांडला होता.

बहुतेकांनी खाऊन झालं होतं. आमच्या घरी आत्याबाईंचं वाटण अजून व्हायचं होतं, म्हणून आम्ही वाचलो. दहाच्या सुमाराला पोरं ओकायला लागली. बेबीनं आजीच्या वाटीतलं सगळं चाटून खाल्लं होतं. तिचे डोळे फिरले. चाचांनीच तिला उचललं, रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं.

दुपारी ते परत आले तेव्हा गल्ली त्यांच्या शेडपुढे उभी होती. मीही होते, आत्याबाईंच्या मागे.

शेवंताबाईचा मुलगा म्हणाला, "सुलेमानभाऊ, पाला तुमीच आनता ना दरसाली?"

"हा पाला माहा नोय."

"मंग कोनाचा?"

चाचांनी कानावरची बिडी काढली, परत कानावर ठेवली.

कोणीतरी म्हणालं, "अन् बकान हाय म्हून तुमाले कसं मालूम झालं बाप्पा, आमाले कोनाले मालूम नाई थे?"

"त्याइनंच तोडला अंधारात. चूक ध्यानात आली म्हून मंग दुसरा भारा आनला," आणखी कोणीतरी. मागून एक बाई हळूच म्हणाली, "चूकच होती का पन?" ते वाक्य कोणी पुढे नेलं नाही. पण कोणी खोडलंही नाही.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. हजेरीत एखादं झाड फुटायचं राहिलं असेल तर त्याच्याकडे बघायचे तसं, वाट बघत. मी गुढीवरच्या तांब्याकडे बघितलं. ऊन त्यावर फार चमकत होतं, असं मला तेव्हा वाटलं.

मग मी घरी गेले, कळशी घेतली, नळावर गेले, आणि कोणी नाही असं बघून ती पाटी काढून कळशीत टाकली. माझ्या सगळ्या शिक्षणात मी इतक्या चपळाईनं काहीच केलं नव्हतं.

बेबी बरी झाली. गल्लीनं चाचांना वाळीत वगैरे टाकलं नाही, तशी माणसं नव्हती आमची. फक्त पुढच्या पाडव्याला ते जुड्या घेऊन आले, तर बायकांनी हातात घेतल्या आणि आतल्या कट्ट्यावर ठेवून दिल्या. शेवंताबाई म्हणाली, "भाऊ, आमी आनला. बाजारातून." चौथ्या फाटकाशी चाचा थांबले, उरलेला भारा सायकलला परत बांधला. त्यानंतर आणला नाही. फेरी चालूच होती, पण बातम्या बंद झाल्या. पाखड फुटला की आम्हाला आपापलं कळायचं, नाहीतर कळायचं नाही.

मी काय केलं? मी चांगली वागायला लागले. लोणचं पाठवलं, दिवाळीचा चिवडा पाठवला, ईदला पहिली मीच जायची. लाटणी करून घेतली. एक झालं, दोन झाली.

"एवढे बेलणे काय करता, बहू?"

"माहेरी द्यायचीत, चाचा."

माहेरी एकही दिलं नाही. आमच्या घरात आजही सहा लाटणी आहेत आणि पोळ्या लाटणारी एक बाई. ती म्हणते, आजी, तुमचं लाटण्याचं दुकान होतं का?

रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता सांगून काय उपयोग, लोक विसरलेत. लोक विसरले नव्हते. बाजारातून कोणी काहीही चुकीचं आणलं की म्हणायचे, "सुलेमानचा पाला आनला का?" गल्लीतली म्हणच झाली होती ती. मी स्वतःही एकदा नवऱ्याला बोलून गेले. जीभ चावली, पण बोलून गेले. सात-आठ वर्षांनी चाचांनी शेड बंद केली आणि अकोल्याला मुलीकडे, नसीमकडे, राहायला गेले. गुडघे दुखतात म्हणाले. निरोपाला गल्लीतून चार माणसं होती. मी धरून.

आता माझ्या नातीच्या मोबाइलमध्ये झाडाचा फोटो काढला की नाव येतं. बिनपानाच्या झाडाचा काढला की ते बिनधास्त काहीही सांगतं. मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटते.

मागच्या फाल्गुनात भाचीच्या लग्नाला अकोल्याला गेले होते. पत्ता शोधत नसीमकडे पोचले. अंगणात खाटेवर चाचा बसलेले. नव्वदीला टेकलेले, डोळे गेलेले, कानावरची बिडीही नव्हती.

"कोन?"

"अमरावतीची, चाचा. बहू."

"कोनती? बीएस्सी?"

नसीम हसली. मीही. त्यांनी हातानं चाचपून खाटेवर जागा करून दिली. गल्लीतलं एकेक माणूस विचारलं, मग एकेक झाड. आत्याबाई गेल्याचं ऐकून "फरशी तशीच हाय का?" म्हणाले. मग फाटकाकडे तोंड केलं. "त्या रस्त्यावर दोन झाडं हायेत. नसीमले वळखू येत नाई. तुमी सांगा."

मी उठून फाटकाशी गेले. "एक करंज आहे. पालवी चकचकीत आहे, नवी. दुसरं अजून उघडं आहे, चाचा. फळ नाही, फूल नाही. सांगता येत नाही."

"मंग?"

"पंधरा दिवस थांबायला पाहिजे."

ते हसले, सगळ्या अंगानं. "शिकल्या. उशिरा शिकल्या, पन शिकल्या."

नसीम चहा ठेवायला आत गेली. अमरावतीहून येताना बसमध्ये मी वाक्यं जुळवत आले होते, त्यातलं एकही आठवेना. मी खाटेवर त्यांच्याजवळ सरकले आणि खालच्या आवाजात सांगितलं, "चाचा, त्या पाडव्याचा पाला मी लावला होता. झाडावरची पाटीही मीच काढून नेली. तुमच्याकडे बघून गप्प राहिले. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं झाली."

आत कपबशा वाजत होत्या. मी वाट बघत होते. खरं सांगते, मी "जाऊ द्या, बहू" या शब्दांची वाट बघत होते. तेवढे ऐकले की मांडवात जायचं, जेवायचं, परत जायचं, असं माझं ठरलेलं होतं. चाचांनी चेहरा माझ्याकडे वळवला. डोळे नव्हते, पण बघणं तेच होतं. म्हणाले,

"मले त तवाच मालूम होतं, बहू. मालूम नव्हतं थे गल्लीले. अन् थे तुमी आजबी माह्याच कानात सांगून राह्यल्या."